एका खात्याच्या दोन चाव्या

माणूस गेला की त्याच्यामागे आवरायचं बरंच असतं. कपडे, चपला, औषधांच्या अर्ध्या बाटल्या. हल्ली त्यात खात्यांची भर पडली आहे. माणूस जातो, खातं मात्र सुरूच राहतं, आणि कुणीतरी बसून ते बंद करावं लागतं. त्या कचेरीत हे काम जिच्याकडे होतं तिला सगळे किल्लेदारीण म्हणत.

नाव थट्टेत पडलं होतं, पण ती त्याला जागली होती. कंपनी कपडे धुण्याच्या यंत्रांच्या आतले प्रोग्राम लिहायची. पाणी कधी घ्यायचं, कपडे किती गरगरा फिरवायचे, दार कधी सोडायचं, एवढ्याशा गोष्टींसाठी मजलाभर माणसं दिवसभर डोकं खाजवत बसायची. त्यांनी लिहिलेली ओळ न् ओळ एका सर्व्हरवर जमा व्हायची. त्याला कोठार म्हणायची पद्धत होती. कुणी काय लिहिलं, त्याआधी तिथे काय होतं, ते कुणी बदललं, सगळं कोठारात जसंच्या तसं राहायचं. तिथे कुणाला आत घ्यायचं, कुणाला नुसतं बघू द्यायचं आणि कुणाला उंबऱ्यावरच थांबवायचं, हे किल्लेदारीण ठरवायची.

आत जायला चावी लागे. चावी म्हणजे जोडी असते. तिचं एक अर्ध माणसाच्या संगणकावर राहतं, दुसरं कोठारात. दोन्ही जुळली की दार उघडतं. ‘कोठार माणसाला ओळखत नाही, चावीला ओळखतं,’ हे ती प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावायची. चावी हरवली तर ओळखपत्र घेऊन समोर यायचं, फोनवर काही मिळणार नाही. एकदा खुद्द साहेब ओळखपत्र गाडीत विसरून आले, तर तिने त्यांनाही परत पाठवलं. तेव्हापासून साहेब तिच्याशी जपून बोलायचे.

आता जे खातं बंद करायचं होतं, ते तिच्या धाकट्या दिराचं होतं.

दोघे भाऊ याच कंपनीत होते. थोरला तिचा नवरा. दुसऱ्यांच्या चुका काढायची त्याला फार हौस, म्हणून कचेरीत त्याला गुरुजी म्हणत. धाकटा नेमका उलट. जेवण झालं की टेबलावर डोकं टेकून डुलकी काढायचा आणि उठल्यावर दुप्पट काम उपसायचा. त्या दिवशीही त्याने डोकं टेकलं. लोक चवड्यांवर चालत त्याच्या बाजूने गेले, कुणीतरी थट्टेत ‘घोरत नाहीये म्हणजे स्वप्न पडतंय’ असंही म्हणालं. संध्याकाळी शिपायाने खांद्याला हात लावला तेव्हा खांदा गार पडला होता. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. समोरचा पडदा तसाच उजळलेला होता. कोठाराच्या लेखी तो अजून आत होता, कामावर होता.

किल्लेदारिणीचा त्याच्यावर जीव होता. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा त्याला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. वहिनी, वहिनी करत तो तिच्या मागे असायचा. तिने त्याचा लॅपटॉप आतून पुसून, कोरा करून कपाटात ठेवला, खात्याला मात्र हात लावायला ती धजेना. आज करू, उद्या करू म्हणत दिवस गेले. शेवटी एकदा साहेब तिच्या टेबलाशी येऊन घुटमळले.

“बाई, ते खातं... बंद करायला हवं. नियम तुमचाच आहे.”

“करते आज,” ती म्हणाली.

तिने केलं. खातं बंद करताना कोठार विचारतं, या माणसाचं काम कुणाच्या नावावर चढवायचं? बेवारस काम ते ठेवून घेत नाही. धाकट्याचं काम तिच्या नवऱ्याने हाती घेतलंच होतं, म्हणून तिने नवऱ्याचं नाव लिहिलं. खाली एक बारीकशी चौकट होती, चाव्याही सोबत न्याव्यात का, अशी. तिच्यात खूण आधीच केलेली होती. एरवी डोळ्यांत तेल घालून वाचणारी ही बाई, पण त्या क्षणी तिचे डोळे भरले होते. तिने पुढे दाबलं, धाकट्याचं नाव पडद्यावरून गेलं, आणि ती उठून तोंड धुऊन आली.

पुढचे काही दिवस सुरळीत गेले. मग एकदा तपासणी विभागातली तिची मैत्रीण हसत हसत आली.

“काय गं, तुझ्या गुरुजींना विनोद कधीपासून सुचायला लागले?”

कोठारात बदल टाकताना सोबत एक ओळ लिहावी लागते, काय केलं आणि कशासाठी. गुरुजींची ओळ ठरलेली असायची, ‘चूक दुरुस्त केली’. मैत्रिणीने दाखवलेली ओळ त्यांच्याच नावावर होती. लिहिलं होतं, ‘दार आता वेळेवर उघडतं. आधी ते आमच्या दादासारखं होतं, तीनदा विचारल्याशिवाय हलायचं नाही.’

“स्वतःलाच दादा म्हणायला लागले,” मैत्रीण म्हणाली. “दुःखाने माणूस असा होतो कधीकधी. सांभाळ त्यांना.”

किल्लेदारीण हसली नाही. ‘आमचा दादा’ असं म्हणणारा घरात एकच होता. जेवणाच्या सुट्टीत तिने नवऱ्यासमोर फोन धरला.

“हे तू लिहिलंस?”

त्याने एकदा वाचलं, चष्मा वर करून पुन्हा वाचलं. “काम माझ्याकडेच होतं. झालंयही बरोबर. पण लिहिल्याचं आठवत नाही.”

“म्हणजे?”

“दुपारी डोळा लागतो हल्ली. उठतो तेव्हा झालेलं असतं.”

आमटीत मीठ कमी आहे म्हणावं, इतक्या सहज तो हे बोलला. दुपारी झोपणाऱ्यांना जन्मभर नावं ठेवणारा माणूस. तिला अजून विचारायचं होतं. पण जवळच्याच टेबलावर माणसं बसली होती, आणि असलं काही चारचौघांत विचारायचं तरी कसं? तिने डबा झाकला. मग सुताला सूत जोडत तिने आपली समजूत घातली: भाऊ गेलाय, झोप होत नाही, दुपारी ग्लानी येत असेल, अर्धवट जागेपणी हात आपोआप चालत असतील. माणसाला पटवून घ्यायचंच असलं की काहीही पटतं.

ही समजूत घरी टिकली नाही. घर एकच होतं. पुढच्या दोन खोल्या हिच्या, मधल्या बोळाच्या शेवटी धाकट्याची खोली, तिथे आता जाऊ एकटी असायची. ती फारशी बाहेर यायची नाही. एका संध्याकाळी मात्र ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बोलू की नको, अशी.

“ताई... एक सांगू? रागावू नका.”

“सांग ना.”

“दादा माझ्या खोलीबाहेर येऊन उभे राहतात.”

किल्लेदारिणीच्या हातातला चमचा थांबला. “कधी?”

“कचेरीतून आल्यावर. कडीला हात लावतात. उघडत नाहीत. मी आतून बघते, फटीतून... मग एकदम दचकतात आणि हाताकडे बघत निघून जातात.” जावेने बोळाकडे पाहिलं. “मला त्यांच्याबद्दल वाईट काही म्हणायचं नाही, ताई. ते तसे नाहीत. पण बोळातून येतानाची पावलं... ती यांची असतात. बारा वर्षं ऐकलीत मी.”

किल्लेदारिणीने गॅस बंद केला. आधी तिला राग आला, आणि तो जावेचा आला, याची नंतर लाज वाटली. मग राग गेला आणि भीती राहिली. नवरा बाहेर वर्तमानपत्र वाचत होता. ती दारातून त्याच्याकडे बघत राहिली. तोच चष्मा, तेच टक्कल, पान उलटताना बोटाला थुंकी लावायची तीच घाणेरडी सवय. तिला तो हवा होता. थुंकीसकट, चुका काढण्यासकट, पुरा हवा होता. त्यातला कणभरही तिला कुणाला द्यायचा नव्हता, मेलेल्या भावालासुद्धा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेपर्यंत तिने कसाबसा धीर धरला. मग डबा न उघडताच तिने कोठारात नवऱ्याचं खातं उघडून पाहिलं. हे तिने आधीच करायला हवं होतं, पण कुंपणानेच शेत खाल्लं असेल असं कुंपणाच्या मनात येत नाही.

खात्याला दोन चाव्या होत्या.

तेव्हा तिला ती बारीक चौकट आठवली. काम चढवताना धाकट्याची चावीही सोबत गेली होती आणि नवऱ्याच्या खात्यात जाऊन बसली होती. धाकट्याची चावी लावून जो आत येईल, त्याला कोठार आता गुरुजी म्हणून आत घेणार होतं. चूक तिची होती, तिच्या धंद्यातली होती, दुसऱ्या कुणाला करताही आली नसती. एरवी त्याने काही बिघडलं नसतं. जोडीतलं दुसरं अर्ध लॅपटॉपवर होतं आणि लॅपटॉप तिने स्वतः पुसला होता. कुलूप राहिलं तरी किल्लीच जगात नाही, मग कुणाचं काय जातं? पण पडद्यावर दिसत होतं की दोन्ही चाव्या रोज लागत होत्या. सकाळी एक. दुपारी दुसरी. हल्ली सकाळीसुद्धा अधूनमधून दुसरी.

एक काढून टाकायची, एवढंच काम होतं. पण कुठली? दोन्हींवर नाव एकच होतं, ‘घर’. दोघा भावांनी एकाच दिवशी, एकाच टेबलाशी बसून चाव्या बनवल्या होत्या, आणि आळशीपणाने नाव एकच दिलं होतं. तेव्हा ती दोघांवर रागावली होती. नाव सोडलं तर चावी म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक माळ. एक माळ चारवर संपत होती, दुसरी नऊवर. त्यावरून माणूस कसा ओळखायचा? सकाळची ती नवऱ्याची म्हणावं, तर आता सकाळचाही भरवसा राहिला नव्हता.

उपाय तिला सुचला, आणि उपाय चोख होता. नवऱ्याच्या संगणकावर त्याच्या एकट्याचंच अर्ध होतं. त्याला आपल्या डोळ्यांदेखत आत यायला सांगायचं. जी चावी लागेल ती त्याची. उरलेली काढून टाकायची.

ती कोठाराच्या खोलीत गेली. तळघरातली ती खोली, खिडकी नाही, यंत्रं तापू नयेत म्हणून बारा महिने गार ठेवलेली. आत तापलेल्या धुळीचा आणि प्लास्टिकचा वास, आणि न थांबणारी एकसुरी घरघर. त्या घरघरीत थोडा वेळ उभं राहिलं की माणसाला वाटतं, तिच्याखाली अजून काहीतरी ऐकू येतंय. तिला त्याची सवय होती. इथल्या पडद्यावर दाराशी आलेली प्रत्येक चावी आल्याक्षणी दिसायची, म्हणून ती इथे आली होती. दार तिने आतून लावून घेतलं आणि नवऱ्याला फोन केला.

बराच वेळ घंटा वाजली. मग त्याने उचलला.

“जागा आहेस ना?” तिने विचारलं.

“हो.”

“आवाज असा का येतोय?”

“आत्ताच डोकं टेकलं होतं जरा... पण जागा आहे.”

“तूच ना?”

तो हलकेच हसला. “मग कोण?”

साहेबांना ओळखपत्रासाठी माघारी पाठवणारी बाई ती. पण नवऱ्याचा आवाज कानात असताना ओळखपत्र कोण मागतं?

“ऐक. कोठारात एकदा आत ये. आत्ता, मी बघत असताना.”

“आलो.”

पडद्यावर एक ओळ उमटली. चारवर संपणारी चावी लागली होती, दार उघडलं होतं.

“आलास?”

“आलो ना. आत आहे.”

तिने नऊवर संपणारी चावी निवडली. कोठाराने विचारलं, नक्की? पुसलेली चावी परत मिळत नाही. तिने एकदा डोळे मिटले. मनात म्हणाली, भावजी, रागावू नका, पण आता जा. आणि हो दाबलं.

काहीच झालं नाही. घरघर तशीच होती. यादीतून एक ओळ कमी झाली, बस्स. तिच्या जिवात जीव आला. ती तिथल्या स्टुलावर बसली.

“झालं?” फोनवर त्याने विचारलं.

“झालं.”

“किती सोपं असतं,” तो म्हणाला. “बरं, घरी येतोच संध्याकाळी.”

त्या दिवशी ती लवकर निघाली. घरी आली तेव्हा जाऊ पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. किल्लेदारीण तिच्याजवळ बसली. हलकं वाटत होतं, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं.

“आता ते तुझ्या दाराशी येणार नाहीत.”

“तुम्ही काय केलंत, ताई?”

“एक चावी काढली. भावजींची राहून गेली होती.”

जावेने हातातल्या कपड्याची घडी पुरी केली, मोडली, पुन्हा घातली. “मला भीती वाटायची,” ती म्हणाली. “खरंच वाटायची. पण दाराशी तरी येतात, असंही वाटायचं.” मग तिने तोंड फिरवलं. किल्लेदारिणीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. नवरा आपला वाचला आणि हिचा दुसऱ्यांदा गेला, हे तिला कळत होतं. तरी तिला आनंदच झाला होता, आणि तो ती लपवत होती.

दारावरची घंटा वाजली. नवऱ्याकडे घराची किल्ली असायची, त्याने कधी घंटा वाजवली नव्हती. विसरला असेल, म्हणत तिने दार उघडलं.

तोच होता. चष्मा काढून हातात धरला होता, जणू दिवसभर त्रास दिलेली परक्याची वस्तू. बूट काढताना तो तिच्याकडे पाहून ओळखीचं, मोकळं हसला.

“वहिनी,” तो म्हणाला, “दादा नाही आला अजून?”

तिने दाराला हात टेकला. तो तिच्या बाजूने, तिला धक्का लागणार नाही अशा बेताने, घरात गेला. चष्मा टेबलावर ठेवला. बोळातून जाताना त्याची पावलं ऐकू आली. खोलीच्या दारात जाऊ उभी होती. ती ओरडेल, दार लावून घेईल असं वाटलं. ती नुसती बघत राहिली, मग तिने बाजूला होऊन वाट दिली.

किल्लेदारीण दाराला धरून तशीच उभी होती. तेवढ्यात पिशवीतला तिचा फोन थरथरला. कोठाराने कुणाला दारातून परत लावलं की तिला निरोप येई, अशी तिनेच सोय केली होती. प्रवेश नाकारला. चावी ओळखीची नाही. तिने माळ शेवटपर्यंत वाचली. ती नऊवर संपत होती.

लगेच दुसरा निरोप आला. मग तिसरा.

ती बाहेर ओट्यावर आली आणि फोनवरच कोठार उघडू लागली. पण परत बसवायला चावी होती कुठे? पुसलेली चावी मालकानेच नव्याने द्यावी लागते, ओळखपत्र घेऊन, समोर येऊन. आतून जावेचा आवाज आला, दबका, काहीतरी विचारणारा, आणि त्याला उत्तर देणारा तिच्या नवऱ्याचा आवाज. निरोप येतच होते. कुणीतरी घाईघाईने, पुन्हा पुन्हा, तीच चावी लावून बघत होतं.

चावी कुठून लावली जाते आहे, हे प्रत्येक निरोपाखाली लिहिलेलं असतं. मजल्यावरच्या कुठल्यातरी संगणकाचा नंबर असतो तिथे, नाहीतर कुणाच्या घरचा. तिने वाचलं, डोळे पुसून पुन्हा वाचलं. हा नंबर तिला पाठ होता, तो तिनेच दिलेला होता. तो कोठाराचा स्वतःचा होता. ठोठावणं आतून चाललं होतं.